परसातील रोपे आणि उन्हाळ्याचे पाणी

मृगाचा पाऊस पडला की परसात झाडे लावण्याची लगबग गावोगाव सुरू होते. आंबा, पेरू, कागदी लिंबू, शेवगा, सीताफळ, कढीलिंब अशी रोपे कोणी रोपवाटिकेतून आणतो, कोणी शेजाऱ्याकडून मागून घेतो, तर कोणाला ती शाळेतून किंवा ग्रामपंचायतीकडून मिळतात. श्रावणात ही रोपे टवटवीत दिसतात. परंतु तीच परसबाग पुढील वैशाखात पाहावी. कित्येक आळी रिकामी पडलेली असतात, तर कित्येकांत वाळलेली काटकी तेवढी उभी असते. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते : पाणी कमी पडले.

हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुष्कळ घरी रोपांना रोज पाणी मिळत असते आणि तरीही ती मरतात. पाणी एकंदरीत कमी पडण्यापेक्षा ते थोडे थोडे, वरच्या वर आणि नको त्या जागी पडल्यामुळे होणारे नुकसान अधिक असते. दुसरे कारण असे की, उन्हाळ्यात किती झाडांना पाणी पुरविता येईल याचा विचार न करता पावसाळ्यात झाडे लावली जातात. झाड पावसाच्या पाण्यावर लागते, परंतु ते जगते उन्हाळ्याच्या पाण्यावर. म्हणून उन्हाळ्याचे पाणी आधी मोजावे, त्यास पुरतील इतकीच झाडे लावावीत आणि ते पाणी खोलवर मुरवावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

तांब्याभर पाण्याचा हिशेब

सकाळी तोंड धुतल्यावर तांब्याभर पाणी रोपाच्या बुडाशी ओतण्याची चाल घरोघरी आहे. तिच्यामागे माया असते यात शंका नाही. परंतु मायेचाही एकदा हिशेब करून पाहिला पाहिजे.

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखे पसरले तर त्याचा थर एक मिलिमीटर होतो. रोपाभोवतीचे आळे ६० सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्र सुमारे पाव चौरस मीटर, म्हणजे नेमके सांगावयाचे तर ०.२८ चौरस मीटर होते. त्यात लिटरभराचा तांब्या ओतला तर साडेतीन मिलिमीटरांचा थर होतो. मध्यम प्रतीच्या कोरड्या जमिनीत एवढे पाणी जेमतेम एक इंच खोल जाते. रोज तीन तांबे घातले तरी ओल तीन इंचांपलीकडे उतरत नाही. आणि मे महिन्यात पठारावरील जिल्ह्यांतून उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला सुमारे १० मिलिमीटर पाण्याची वाफ होऊन जाते. ओल्या जमिनीचा वरचा थरही याच वेगाने वाळू लागतो. म्हणजे सकाळी घातलेल्या तीन तांब्यांपैकी बराच मोठा भाग संध्याकाळपावेतो सूर्य पिऊन टाकतो. रोपाच्या वाट्याला उरलेले येते.

आता हेच पाणी निराळ्या रीतीने देऊन पाहावे. रोज तीन लिटर म्हणजे आठवड्याचे २१ लिटर झाले. त्यांतील २० लिटर, म्हणजे दोन लहान घागरी, एकाच वेळी सावकाश त्याच आळ्यात सोडल्या तर ७० मिलिमीटरांचा थर होतो आणि ओल जवळजवळ हातभर खोल उतरते. इतक्या खाली गेलेल्या ओलीला ऊन सहजी लागत नाही. खर्च झालेले पाणी तेवढेच. परंतु पहिल्या रीतीत ते उन्हाने नेले आणि दुसऱ्या रीतीत ते मुळांनी घेतले.

मुळे ओलीच्या मागे जातात

केवळ पाण्याची बचत एवढाच हा प्रश्न नाही. मूळ जेथे ओल आणि हवा दोन्ही असतील तेथे वाढते. ओल वरच्या तीन इंचांतच राहिली तर मुळांचे जाळेही तेथेच पसरते. असे रोप दिसावयास हिरवे असते, परंतु ते रोजच्या तांब्याचे बांधील होऊन बसते. घरात लग्नकार्य निघाले, माणसे चार दिवस गावाला गेली किंवा विहीर आटली, की नेमका तोच वरचा थर तापतो आणि रोप होरपळते. याउलट, पाणी खोल मुरवून मग मधले काही दिवस वरचा थर वाळू दिला तर मुळे खालच्या ओलीकडे वळतात. हे रोप पाण्याची एखादी पाळी चुकली तरी तग धरते. पहिल्या वर्षी मुळांना लागलेली ही सवय पुढे उपयोगी पडते.

या नियमाला अपवाद आहेत, ते ध्यानात ठेवावेत. पिशवीतून काढून नुकतेच लावलेले रोप पहिले दोनतीन आठवडे आपल्या मातीच्या गोळ्यावरच जगत असते. त्याची मुळे अद्याप बाहेरच्या जमिनीत शिरलेली नसतात. या काळात पावसाने ओढ दिली तर एका दिवसाआड थोडे पाणी त्या गोळ्यावरच घालावे लागते. केळ आणि पपई यांची मुळे उथळ असल्यामुळे त्यांनाही कमी अंतराने पाणी द्यावे लागते. परंतु आंबा, चिंच, आवळा, सीताफळ, पेरू, लिंबू यांसारख्या झाडांना एकदा मूळ धरल्यावर रोजच्या पाण्याची गरज नाही.

पाणी बुंध्याला नको

पाणी खोडाशी ओतणे हा दुसरा दोष होय. पाणी शोषून घेणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात. ती पानांच्या घेराच्या कडेकडे असतात. बुंध्याशी साचलेल्या पाण्याने मात्र साल कुजते. लिंबू, संत्रे, मोसंबी यांचा डिंक्या रोग आणि पपईचा बुंधा कुजण्याचा रोग याच वाटेने येतात. म्हणून संत्र्यामोसंबीच्या बागांतून दुहेरी आळ्याची पद्धत अवलंबिली जाते, आणि परसातही तीच सोयीची आहे. खोडाभोवती वीतभर अंतरावर मातीचा लहान वरंबा करावा व खोडाला मातीची थोडी भर द्यावी. त्याच्या बाहेर दुसरा वरंबा पानांच्या घेराइतका घ्यावा. या दोन वरंब्यांमधील बांगडीसारख्या जागेतच पाणी सोडावे. खोड कोरडे राहते आणि मुळे बाहेर पसरतात. पहिल्या वर्षी बाहेरचा घेर ६० ते ७५ सेंटिमीटर पुरे. दुसऱ्या वर्षी तो मीटरभर करावा आणि पुढे झाड वाढेल तसा वाढवीत न्यावा. तीन वर्षांच्या झाडाला पहिल्या वर्षाच्याच आळ्यात पाणी घालीत राहणे म्हणजे वाढत्या मुलाला बाळपणीचे अंगडे घालण्यासारखे आहे.

किती दिवसांनी द्यावे ?

सर्व जमिनींना एकच वेळापत्रक लागू पडत नाही. मध्यम जमिनीत पहिल्या वर्षाच्या रोपाला हिवाळ्यात दहाबारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात सहासात दिवसांनी सुमारे २० लिटर पाणी, असे प्रमाण आरंभी धरावे. मुरमाड जमीन पाणी धरून ठेवीत नाही; तिला एकदम दिलेल्या पाण्यातील बराच भाग मुळांच्या खाली निघून जातो. तेथे निम्मे पाणी निम्म्या अंतराने, म्हणजे उन्हाळ्यात तीनचार दिवसांनी १० लिटर द्यावे, आणि खड्डा भरताना शेणखत व गाळाची माती भरपूर घालावी. भारी काळी जमीन पाणी पुष्कळ धरते, परंतु सावकाश सोडते. तेथे उन्हाळ्यातही आठदहा दिवसांचे अंतर चालते. मात्र काळ्या जमिनीला भेगा पडू देऊ नयेत, कारण भेगांतून ओल उडते आणि बारीक मुळे तुटतात. वरची माती खुरप्याने हलवून मोकळी ठेवावी.

ही प्रमाणे सुरुवातीपुरतीच आहेत. खरा निर्णय आपल्या हाताने करावयाचा आहे. आळ्याच्या कडेला वीतभर खोल उकरावे आणि तेथील मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा होऊन टिकला तर अजून ओल आहे, पाणी देऊ नये. गोळा न होता माती बोटांतून सुटू लागली तर पाण्याची वेळ झाली असे समजावे. दुपारच्या उन्हात पाने मलूल दिसली म्हणून लगेच घागर उचलू नये. सूर्य कलल्यावर ती पुष्कळदा आपोआप सावरतात. पहाटेही पाने उतरलेली दिसली तर रोप खरोखरच तहानलेले आहे. आणि माती ओली असूनही पाने पिवळी पडून उतरली असतील, तर मुळे पाण्यात गुदमरत आहेत असे जाणावे. अशा वेळी आणखी पाणी घालणे हे त्या रोपाला मारणेच होय. घरात नळ आलेल्या गावांतून, विशेषतः भारी जमिनीत, हा प्रकार वाढला आहे. परसात ठिबकाची नळी टाकणाऱ्यांनीही हिशेब करावा : ताशी ४ लिटरची तोटी रोज १० मिनिटे चालविली तर पाऊण लिटरही पाणी पडत नाही. साधन नवे असले तरी देणे तांब्याचेच राहते.

आच्छादन आणि मडके

दिलेले पाणी राखणे हे पाणी देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. थंडी सरू लागताच आळ्यात उसाचे पाचट, गव्हाचे काड, वाळलेले गवत किंवा पालापाचोळा यांचा चार बोटे जाडीचा थर द्यावा. खोडाभोवतीची चार बोटे जागा मोकळी सोडावी. या आच्छादनाने जमीन तापत नाही, तण वाढत नाही आणि पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर वाढविता येते. वाळवीचा उपद्रव असलेल्या ठिकाणी आच्छादन अधूनमधून उचलून पाहावे. परसातील पालापाचोळा गोळा करून पेटवून देण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच परसात रोपे उघड्या जमिनीत तापत असतात, ही विसंगती आता थांबली पाहिजे.

जेथे पाणी फारच थोडे आहे तेथे मडक्याचा उपाय करावा. न रंगविलेले, चांगले पाझरणारे आठदहा लिटरांचे मडके रोपापासून दीड वितीच्या अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत मुळांच्या पातळीलाच पोचते. वरून वाफ होऊन जात नाही. तीनचार दिवसांनी मडके पुन्हा भरले की काम झाले. उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी वापरलेली आणि तोंड फुटलेली मडकी प्रत्येक घरी निघतात, ती यासाठी उपयोगी पडतात. पाणी क्षारयुक्त असेल तर काही महिन्यांनी मडक्याची छिद्रे बुजतात. तेव्हा मडके काढून घासून घ्यावे किंवा बदलावे.

मोरीचे पाणी

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले तेव्हा प्रत्येक ग्रामीण घराला माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरण्यात आले. प्रत्यक्ष मिळणारे पाणी गावोगाव कमीअधिक असते. तरीही पाच माणसांच्या घरातून अंघोळीचे आणि भाजीपाला, तांदूळ, डाळी धुण्याचे कितीतरी पाणी गटारात जाते किंवा दारापुढे डबके करून राहते. या पाण्यावर दोनचार झाडे सहज पोसली जातात. परंतु येथेही विवेक हवा. कपडे धुण्याच्या पुडीच्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात. ते सतत एकाच जागी पडले तर काळी जमीन चिबड आणि घट्ट होते व मुळांना हवा मिळत नाही. म्हणून साबणाच्या पुडीचे पहिले पाणी शोषखड्ड्यात सोडावे. खळबळण्याचे आणि अंघोळीचे पाणी झाडांकडे न्यावे. तेही एकाच झाडाला रोज न देता चर फिरवून पाळीपाळीने केळ, नारळ, शेवगा यांना द्यावे. नुकत्याच लावलेल्या रोपांना मात्र चांगलेच पाणी द्यावे.

आधी पाणी मोजा, मग खड्डे खणा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वरील प्रमाणाने मध्यम जमिनीतील एका रोपाला मे महिन्यात सुमारे १०० लिटर पाणी लागते. दहा रोपे लावली तर त्यांना १००० लिटर, म्हणजे १० लिटरांच्या शंभर घागरी लागतील. आठवड्यातून एकदोनदा नळ येणाऱ्या किंवा टँकरची वाट पाहणाऱ्या गावात या शंभर घागरी कोठून येणार, याचा विचार जून महिन्यात, खड्डे खणण्यापूर्वीच केला पाहिजे. जेथे मे महिन्यात चारच झाडांचे पाणी आहे तेथे दहा झाडे लावणे हे औदार्य नव्हे. कारण पाणी दहांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा तांब्याच येतो आणि दहाही झाडे संकटात सापडतात. चार झाडे लावून चारही जगविणारा शेतकरी अधिक शहाणा म्हटला पाहिजे. पुढील वर्षी ही चार झाडे थोड्या पाण्यावर राहू लागली की आणखी तीनचार लावावीत. पाणी अगदीच कमी असेल तर सीताफळ, आवळा, शेवगा यांसारखी काटक झाडे आधी घ्यावीत. नारळकेळीचा हौसेने आग्रह धरू नये.

या हिशेबात आणखी एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. झाडे लावण्याचा निर्णय बहुधा घरातील पुरुष घेतात किंवा गावच्या सभेत तो घेतला जातो. पाण्याच्या घागरी मात्र पुष्कळशा घरांतून बायकाच वाहतात. दूरच्या विहिरीवरून डोक्यावरून आणलेली घागर आधी चुलीला, मग माणसांना, मग जनावरांना आणि उरली तर झाडाला मिळणार, हे उघड आहे. आणि तसे झाले तर दोष तिचा नाही. ज्या घरात पाणी बाई भरते, त्या घरात किती झाडे लावावयाची हे तिला विचारल्यावाचून ठरवू नये, असे प्रस्तुत लेखकास आग्रहाने वाटते. रोपाबरोबर शंभर घागरींचे ओझेही आपण त्या घरात पाठवीत असतो. ते तिच्या डोक्यावर न विचारता ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कार्यक्रमाला नाही.

मोजणी केव्हा करावी ?

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून जुलै महिना हा आपल्याकडे झाडे लावण्याचा उत्सव ठरला आहे. आपल्या राज्यातही २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे संकल्प जाहीर झाले. अशा उपक्रमांनी लोकांत झाडांविषयी आस्था निर्माण होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जुलैतील आकडा हा रोपांचा आकडा असतो, झाडांचा नसतो. परसातील रोप दोन उन्हाळे काढील तेव्हाच त्याला झाड म्हणावे.

फळबागांच्या बाबतीत शासनाने हे तत्त्व स्वीकारलेले आहे. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागले गेले आणि पुढचे हप्ते झाडे किती जगली यावर अवलंबून ठेवले गेले. परसातील चार झाडांना अनुदानाचा हप्ता नसतो, म्हणून त्यांची मोजणीही कोणी करीत नाही. ती आपण करावी. त्यासाठी निराळा फॉर्म नको की निराळा निधी नको. रोपे वाटताना घराचे नाव आणि झाडांची संख्या वहीत लिहितोच. त्याच ओळीत दोन रकाने अधिक आखावेत, पहिल्या मेअखेरचा आणि दुसऱ्या मेअखेरचा. मे महिन्यात गावात गेल्यावर दहा घरांच्या परसात डोकावून ते भरावेत. जेथे रोप मेले असेल तेथे दोष न देता आळे उकरून ओल कोठपर्यंत आहे ते त्या घरच्या माणसांना दाखवावे. व्याख्यानाने जे पटत नाही ते वीतभर उकरलेल्या मातीने पटते. आणि ज्या गावात पहिल्या वर्षीची रोपे जगलेली नाहीत, त्या गावात दुसऱ्या वर्षी नवी रोपे पाठविण्याआधी ती का मेली याची चौकशी व्हावी. अशा वहीतील आकडे लहान दिसतील, वरिष्ठांस ते कदाचित रुचणारही नाहीत. परंतु ते खरे असतील आणि त्यांवरून पुढचे काम सुधारता येईल.

शेतकरी बंधुभगिनींनी यंदा एवढे तरी करून पाहावे. परसातील एका रोपाला नेहमीप्रमाणे रोज तांब्याभर पाणी द्यावे आणि त्याच जातीच्या, त्याच वयाच्या शेजारच्या रोपाला तेवढेच पाणी साठवून आठवड्यातून एकदा, दुहेरी आळ्यात, आच्छादनाखाली द्यावे. मे महिन्यात दोन्ही रोपे शेजारी शेजारी पाहावीत. आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा आपल्या परसातील पुराव्यावर विश्वास ठेवणे केव्हाही चांगले. तो पुरावा पटला तर पुढील मृगापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून वैशाखातील पाण्याचा अंदाज घ्यावा, आणि त्या अंदाजाने जितकी झाडे येतील तितकेच खड्डे खणावेत.